आमच्या गल्लीत नऊ बाया

नगरपरिषदेच्या यंत्राच्या मते कासार गल्लीतलं आमचं बांगड्यांचं दुकान माझे मालक चालवतात. गजानन रोकडे, वय शहात्तर, तब्येत ठणठणीत, विजेचं बिल वेळच्या वेळी भरणारे. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. जिवंतपणी त्यांनी एक बिल वेळेवर भरलं नाही. वर जाऊन सुधारले असतील तर यंत्रालाच ठाऊक.

हे मला भर सभेत कळलं. आमच्या धामणखेडची जुनी मंडई पाडून नवी बांधायची होती. गल्लीतल्या तेवीस दुकानांना नवे गाळे कसे वाटायचे, हे ठरवायला नगरपरिषदेने ‘ठावठिकाणा’ नावाचं यंत्र आणलं होतं. पूर्वी असली वाटणी ओळखीवर नाहीतर आरडाओरडीवर व्हायची, आणि आरडाओरडीत मी कोणाला हार गेले नव्हते. आता म्हणे आकडे बोलणार. कुठल्या जागी कुठलं दुकान चालेल ते यंत्र सांगणार आणि शंभरातले गुण देणार. साठाच्या वर गुण असले तर आहे त्या जागी गाळा. खाली असले तर रामराम.

भिंतीवर एकेकाचे गुण उमटत होते. हलवायाला बहात्तर. चपलावाल्याला सहासष्ट, त्याने तर टाळ्या वाजवल्या. मग माझं दुकान आलं. अकरा.

मी उठलेच. “अकरा? दुसरीत मला गणितात अकरा पडले होते, ते माझ्या कर्माचे. हे कोणाच्या कर्माचे?”

मुख्याधिकारी सरनोबत साहेब तसे सभ्य माणूस. खाली मान घालून त्यांनी कागद वाचला. “मालनकाकू, तुमच्या दुकानापासून पाच मिनिटांच्या चालीवर चारशे बारा पुरुष राहतात. आणि बाया नऊ. नऊ बायांवर बांगड्यांचं दुकान कसं चालायचं?”

मी मागे वळून बघितलं. नुसत्या त्या सभेतच गल्लीतल्या चाळीस बाया बसल्या होत्या.

“मग माझ्या जागी काय चालेल म्हणतो तुमचा ज्योतिषी?”

साहेबांनी पान उलटलं. त्यांचे कान लाल झाले. “अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं सामान. रबरी चादरी, मोठ्या माणसांचे लंगोट, शेक घ्यायच्या पिशव्या. गुण त्र्याण्णव. तुमच्या गल्लीत एकशे चाळीस माणसं अंथरुणावर आहेत.”

मी मटकन खाली बसले. अडतीस वर्षं मी त्या गल्लीत आहे. कुठल्या घरात कोणाला रात्रीचा खोकला आहे ते मला आवाजावरून कळतं. अंथरुणावरचं माणूस आख्ख्या गल्लीत एकच होतं, पोस्टातले देशमाने, आणि तेही मागच्या चैत्रात गेले. ही एकशे चाळीस कुठून आली? रोगराई आली आणि मला कोणी सांगितलंच नाही?

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या कंपनीची पोरगी दुकानात आली. ईश्वरी गव्हाणे. चोवीस वर्षांची, केस आखूड, हात मोकळे. बसायच्या आधीच मी तिचा हात हातात घेऊन दाबून बघितला. “दोन-चारचं माप. हाडं बारीक आहेत, पण अंगठ्याशी अडेल. आता बोल, माझा नवरा कुठे भेटला तुझ्या यंत्राला?”

ती हसली नाही. तिला खरंच काळजी पडली होती. तिने मला सगळं उलगडून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. मास्तरीण झाली असती तर मी तिसरीही पास झाले असते.

“काकू, यंत्र दारात येऊन कोणाला विचारत नाही. ते खुणा गोळा करतं. विजेचं मीटर, नळाचं पाणी, रेशन, शाळेचा पट, जन्म-मृत्यूची नोंद. आणि सगळ्यात जास्त फोन. रात्री फोन जिथे पडून राहतो ते त्याचं घर. दिवसा जिथून जातो तो त्याचा रस्ता. खिशात किंवा पिशवीत तो कसा हलतो त्यावरून चाल कळते. चालीवरून वय कळतं, बाई की पुरुष ते कळतं. अशा खुणा जोडून ते प्रत्येक माणसामागे एक आकड्यांचं माणूस तयार करतं. मग ती आकड्यांची माणसं आतल्या आत दहा वर्षं जगवून बघतं. त्यांची लग्नं होतात, पोरं होतात, म्हातारपण येतं. त्या दहा वर्षांत त्या गल्लीत काय खपलं, त्यावरून जागेला गुण.”

“म्हणजे तुझ्या यंत्रात आमच्या पोरींची लग्नं बिनचुड्याचीच लागतात?”

“यंत्रात पोरीच नाहीत, काकू.”

ती हे बोलत होती तोवर गिऱ्हाईक सुरूच होतं. शिंप्याची जुबेदा आली, तिची जाऊ आली, तांबटाच्या तिघी सुना आल्या. एक डझन भरायचा आणि तासभर टेकायचं, ही माझ्या दुकानाची रीत. दुकानात खुर्ची नाही, गादी आहे. भिंतीला पाठ लावून पाय पसरले की बाई पंधरा मिनिटं कोणाची कोणी नसते. ईश्वरी बोलायची थांबली आणि बोटांवर मोजायला लागली. तासाभरात सतरा.

तिने जुबेदाला विचारलं, “ताई, तुमचा फोन?”

“घरी.”

“तुमचा?”

“घरी. चार्जिंगला.”

सतराच्या सतरा फोन घरी. ईश्वरीने कपाळाला हात लावला. “अकरा ते पाच ज्यांचे फोन एका जागचे हलत नाहीत, ते म्हणजे अंथरुणावरचे, असं यंत्र शिकलंय. पुण्या-मुंबईच्या फोनांवर शिकलंय ते. तिकडे धडधाकट माणूस फोन सोडून घराबाहेर पडत नाही. आणि हे फोन नवऱ्यांच्या नाहीतर लेकांच्या नावावर; हललेच नाहीत तर बाईची चाल कळणार कशी? म्हणून पुरुषच धरले.” तिने गादीवर पसरलेल्या बायांकडे बघितलं. “काकू, तुमचे एकशे चाळीस रुग्ण हे बसलेत.”

तांबटाची धाकटी सून खळखळून हसली. मला हसू आलं नाही. जिवंत, चालत्या-बोलत्या, भांडकुदळ बायांना एका यंत्राने रबरी चादरीवर झोपवलं होतं. आणि मी तर तिथेही नव्हते. माझा फोन धीरजच्या नावावर, माझ्या लेकाच्या. मीटर मालकांच्या नावावर. आजाऱ्यांतही माझी गणती नव्हती.

“यावर उपाय?”

“तीस दिवसांनी गाळ्यांची शेवटची सभा आहे. तोवर बायांनी आपापल्या नावाची नोंद करून फोन जवळ बाळगला, तर यंत्र नव्याने मोजेल. नोंद घराच्या रेशनकार्डाला जोडावी लागते, म्हणजे कोण कुठे आहे ते घरातल्यांनाही दिसतं.” मग ती जरा अडखळली. “म्हणजे ते सगळ्यांना चालत असेल तर.”

“न चालायला काय झालं?” मी म्हटलं. “माझ्या घरात पाच वर्षं चालतंय.”

आणि ते खरं होतं. धीरजनेच माझ्या फोनमध्ये तो नकाशा घालून दिला होता. मला अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं, पण ठिपका कळतो. लेकाचा निळा, सुनेचा हिरवा. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की मी बघायची. हिरवा ठिपका घरात. म्हणजे मोनाली झोपली. झोपू दे बाई, दिवसभर राबते, असं म्हणून मी स्वतःवरच खूश व्हायची. एवढी समजूतदार सासू गल्लीत दुसरी नाही.

मी गल्ली पालथी घातली. दारोदार जाऊन सांगितलं, नावं नोंदवा, फोन गळ्यात अडकवा, नाहीतर माझ्या गादीवर लंगोट विकायला बसतील. तोंडावर कोणी नाही म्हणालं नाही. मला नाही म्हणायची पद्धत गल्लीत नाही. पण बाया नजर चुकवत होत्या. हिचा फोन जुना, तिच्या पोराला अभ्यासाला लागतो, तिसरीला म्हणे वजनाने मान दुखते. डोक्यावरून पायलीभर दळण आणणारी मान!

जुबेदाने तेवढं सरळ सांगितलं. “काकू, फोन घरी असला की आम्ही घरी असतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही.”

“मग लाव गळ्यात. बांगड्या भरायला येता की दरोडा घालायला?”

तिने लावला. मग सगळ्यांनी लावले. शेवटी राहिली माझीच सून.

मोनाली सहा वर्षांपूर्वी घरात आली. हात गोरे, बोलणं कमी. मी म्हटलं आणि तिने केलं नाही, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता ती थांबली. “आत्या, माझं एकटीचं राहू द्या.”

“घरातलीच निघाली नाही तर गल्ली काय म्हणेल?”

“एकीने काय फरक पडतोय?”

“एकीएकीनेच एकशे चाळीस झाल्यात.”

मी खणाच्या तुकड्याची पिशवी स्वतः शिवली आणि माझ्या हाताने तिच्या गळ्यात घातली. तिचे डोळे भरले. मला वाटलं, पिशवी आवडली.

आठवड्यात आमच्या गुणांना पाय फुटले. अकराचे एकतीस. एकतीसचे अठ्ठावन्न. ईश्वरी रोज सकाळी आकडा सांगायला यायची. गल्लीतल्या बाया यंत्राला दिसायला लागल्या होत्या. त्या चालत होत्या, वळत होत्या, भाजी आणत होत्या. रुग्ण भराभर बरे होत होते. पंधराव्या दिवशी आकडा एक्क्याऐंशीवर गेला.

आणि त्या पंधरा दिवसांत माझ्या गादीवर कोणी टेकलं नाही.

आधी वाटलं, सणवार नाही म्हणून. मग वाटलं, ऊन आहे. बाया दुकानासमोरून जायच्या, मान हलवायच्या, पुढे व्हायच्या. कोणी आलीच तर उभ्या उभ्या. “काकू, लवकर भरा, आठ मिनिटं झाली.” आठ मिनिटं? कोण मोजतंय? तांबटाची धाकटी सून, तीच हसणारी, हात पुढे करून डोळा मात्र गळ्यातल्या फोनवर ठेवायची. पोराला औषध पाजताना घड्याळ बघतात ना, तसं. घाईत तिची एक बांगडी माझ्या हातून वाढवली गेली. कासाराच्या हातात बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढवली म्हणतो. पण फुटलीच ती. अडतीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या मनगटावर मी काच फोडली नव्हती. रक्ताचा थेंब आला. ती म्हणाली, “राहू द्या,” आणि निघून गेली.

मी ईश्वरीला म्हटलं, “तुझं यंत्र म्हणतं इथे बांगड्यांचं दुकान धो धो चालेल. मग चालत का नाही?”

ती हातातल्या काचेच्या पाटीवर बोटं फिरवत राहिली. “काकू, यंत्राच्या हिशेबाने बाया दिसल्या म्हणजे त्या येणार.”

“दिसायला लागल्यापासूनच यायच्या बंद झाल्यात.”

 उत्तर मला त्याच दुपारी मिळालं.

दुपारचे दोन वाजले होते. दुकान रिकामं. मी फोन उघडला. निळा ठिपका गावात नव्हताच, धीरज कामाला लातूरला गेला होता. हिरवा ठिपका मात्र घरातून निघाला. गल्ली ओलांडली, वेस ओलांडली आणि थेट सालगर वस्तीत जाऊन थांबला.

सालगर वस्तीत आमचं कोणी नाही. नवरा गावाला गेलेला, भर दुपार, आणि सून अनोळखी वस्तीत. माझ्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण आलं. दुकानाची फळी मी दुपारी कधी लावली नव्हती. त्या दिवशी लावली. फोन हातात धरून, ठिपक्यामागे ठिपक्यामागे उन्हातून चालत गेले. वाटेत कोणी काही विचारलं तरी मला ऐकू आलं नाही. मी मनातल्या मनात बोलणी जुळवत होते. कोण आहे तो? किती दिवस चाललंय? माझ्या घरात राहून?

पत्र्याची एक खोली. दार लोटलेलं. मी ढकललं.

मोनाली खाली बसली होती. हातात वाटी, वाटीत भाताची पेज. पुढे गादीवर एक बाई. तोंडाची डावी बाजू उतरलेली, डावा हात मांडीवर दुसऱ्याचा असल्यासारखा पडलेला. मोनाली तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून निघालेली पेज पदराने टिपत होती.

मला आधी ओळखच पटली नाही. मग पटली. ती रत्ना होती. माझी विहीण.

सांगायला हवं. लग्नात सुनेचा हिरवा चुडा सासरचा असतो. मी कासारीण, माझ्या सुनेचा चुडा मी स्वतः निवडून पाठवला होता. रत्नाने तो परत केला. “माप चुकलंय, पोरीचा हात सोलून निघाला,” असं पाच माणसांत म्हणाली, आणि बाजारातल्या दुसऱ्या बांगड्या घालून पोर उभी केली. माझं माप चुकलं, म्हणे! मी मांडवातच सांगितलं, आजपासून या बाईचं दार आम्हाला बंद, आणि आमच्या सुनेलाही. सहा वर्षं ते बंद होतं. रत्ना लेकाकडे पुण्याला असते, एवढंच माझ्या कानावर होतं. मी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

मोनालीच्या हातातली वाटी तशीच राहिली. रत्नाने मात्र मला बघितलं, उजव्या हाताने डोक्यावर पदर ओढायला लागली आणि अर्ध्या तोंडाने म्हणाली, “बसा... विहीणबाई. मोने... चहा टाक.”

मला बसता येईना.

“कधीपासून?” मी विचारलं.

“चार वर्षं, आत्या. दादाने ठेवून घेतलं नाही.”

“रोज येतेस?”

“रोज दुपारी. दोन ते चार.”

चार वर्षं मी दुपारी हिरव्या ठिपक्याकडे बघून म्हणत होते, झोपू दे बिचारीला.

“धीरजला माहीत आहे?”

“औषधं तेच आणतात. हे पंधरा दिवस जेवायच्या सुट्टीत, फोन कामावर ठेवून, तेच येऊन भरवून जायचे, मला फोन घेऊन निघता येईना म्हणून. आज ते नाहीत. आईने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.”

“गल्लीला?”

“जुबेदाभाभी कधी कधी डबा देतात.” तिने मान खाली घातली. “सगळ्या गल्लीला माहीत आहे.”

“मग चार वर्षं फोन घरी ठेवून चोरी कोणापासून केलीस गं?”

 ती चहाचं आधण ठेवायला उठली. उत्तर रत्नाने दिलं. जीभ जड होती, पण प्रत्येक शब्द नीट लागला. “तुमच्या... पासून. आणखी... कोण?”

 गल्लीतल्या बाया नवऱ्यांना भितात, असं मला वाटायचं. चारचौघींत मी त्यांना चिडवायचीही. आणि माझी सून नवऱ्याला घाबरत नव्हती. नवरा तिच्या बाजूला होता. माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे, लेक आणि सून मिळून एका आजारी बाईला माझ्यापासून लपवत होते. यंत्राला आमच्या गल्लीत खोटे आजारी एकशे चाळीस सापडले होते. गावातली एक खरी होती, ती त्याला दिसली नव्हती आणि मलाही नाही.

चहा आला. मी उभ्यानेच घेतला. मग बसले. रत्नाच्या उजव्या हातात दोन काळपट बांगड्या होत्या, डावा हात मोकळा. मी तो उचलून बघितला. थंड होता. दाबला तरी तिला काही कळलं नाही.

“माप चुकलं होतं,” मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण ओळखू येईना. “मला तेव्हाच कळलं होतं. पाठवल्यावर आठवलं, मी पोरीचा उजवा हात दाबलाच नव्हता, डाव्यावरूनच माप धरलं.”

रत्ना बघत राहिली. “मग... बोलायचं... ना.”

“मला बोलता येतं,” मी म्हटलं, “हे मला जमत नाही.”

चार वाजता आम्ही दोघी बरोबर निघालो. दुकान उघडलं, आणि मोनालीच्या हातात माझा फोन देऊन मी म्हटलं, तो नकाशा काढून टाक. ती बघतच राहिली. “काढ,” मी म्हटलं. तिने काढला. मग मी जुबेदाकडे गेले, तांबटाकडे गेले, एकेका घरी गेले. या वेळी हुकूम करायला नाही, विचारायला. कोणी दुपारी शिकवणीला जायची. कोणी बहिणीला भेटायची. तांबटाची धाकटी सून कुठेही जात नव्हती, नुसती माझ्या गादीवर टेकायला यायची. गादीवर बसल्यापासून सोळाव्या मिनिटाला तिच्या सासूचा फोन वाजायला लागला, म्हणून तिने टेकणं सोडलं होतं. ती सासू म्हणजे माझी मैत्रीण, आणि तिला तो नकाशा घालून घ्यायचा सल्ला मीच दिला होता.

“नोंद काढून टाक,” मी ईश्वरीला म्हटलं.

“काढायला अर्ज केल्यापासून तीन महिने लागतात, काकू. आणि नोंद काढली की गुण अकरावर. दुकान जाईल.”

“ते मी बघते.”

तिसाव्या दिवशीची सभा भरगच्च होती. मीच सगळ्यांना या म्हणून सांगितलं होतं. भिंतीवर आमचा आकडा झळकत होता, अठ्ठ्याऐंशी. सरनोबत साहेबांनी कोपऱ्याचा गाळा मला जाहीर केला, शाल आणली, आणि म्हणाले, “मालनकाकूंनी गल्लीतल्या महिलांना नकाशावर आणलं. आता एकच अट. गाळा असेपर्यंत ही नोंद चालू राहिली पाहिजे. दर महिन्याला यंत्राचा आकडा आम्ही पुन्हा तपासू.”

“कायमची?”

“कायमची. काकू, दोन शब्द बोला.”

मी उठले. समोर आमच्या बाया, गळ्यात पिशव्या. मोनाली दाराशी उभी होती. मी आयुष्यात एवढे कमी शब्द कधी बोलले नाही.

“बायांनो, फोन बंद करा.”

आधी जुबेदाने केला. मग तिच्या जावेने. मग सगळ्या सभेत बारीक टकटक झाली, माळेचे मणी ओघळावेत तशी. भिंतीवरचा अठ्ठ्याऐंशी थरथरला. पंच्याहत्तर, साठ, चाळीस. साहेब “अहो, अहो” करत राहिले. अकरावर येऊन आकडा थांबला. बाया नऊ. त्या नऊ कोण ते मला आजवर कळलेलं नाही.

आणि एकाएकी कर्णा वाजायला लागला. भिंत लाल झाली. मागच्या अंगणातल्या आगीच्या बंबाची घंटा सुरू झाली. ईश्वरीचा चेहरा पांढरा पडला. “साहेब, एका इमारतीत एका मिनिटात शंभरावर फोन मेले. यंत्राला वाटतंय, इमारत कोसळली.”

चार मिनिटांत बंबवाले दार फोडायच्या तयारीने आत घुसले. शिरस्त्राण, दोर, दोन स्ट्रेचर. त्यांचा जमादार दारातच अडखळला. समोर शंभर-सव्वाशे बाया मांडी घालून बसलेल्या, कोणी शेंगा सोलत होती.

“मेलेले कुठे आहेत?” त्याने विचारलं.

“आम्हीच,” जुबेदा म्हणाली. “या, बसा.”

जमादाराने हातातली पाटी बघितली, भिंत बघितली, आम्हाला बघितलं. “साहेब, मला कागदावर लिहून द्यावं लागेल. यंत्र म्हणतं बाया नऊ, बाकीच्या ढिगाऱ्याखाली. कुणाचं खरं धरू?”

सरनोबत साहेब घामाघूम झाले होते. त्यांनी ईश्वरीकडे बघितलं. तिची नोकरी त्या यंत्रावर होती, हे सभेत सगळ्यांना माहीत होतं. तिने एकदा ओठ चावला.

“साहेब, तुमच्याच ठरावात लिहिलंय. यंत्राच्या आकड्यावर शंका आली तर अधिकाऱ्याने स्वतः मोजायचं, आणि तो आकडा शेवटचा धरायचा. गाळ्यासाठीसुद्धा.” मग हळूच म्हणाली, “ते कलम आजवर कोणी वापरलं नाही.”

“म्हणजे मी नोंदवही आणू? नावं, पत्ते, कोणाची कोण...”

“नाव नाही,” मी म्हटलं. “कोणाची कोण ते नाही. कुठून आली, कुठे जाते, ते तर नाहीच. डोकी मोजा. गल्लीतल्या बाया समोर बसल्यात, तुमच्या डोळ्यांना दिसतात. बोट करा आणि मोजा.”

साहेब व्यासपीठावरून खाली उतरले. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, एवढे शिकलेले, आणि बायांना मोजायचं कुठून सुरू करायचं ते त्यांना कळेना. शेवटी दाराशी उभ्या मोनालीकडे बोट करून ते “एक” म्हणाले. दोन. तीन. जमादार मागून कागदावर रेघा ओढत चालला. बंबवाल्यांनी शिरस्त्राणं काढली. बाया आपल्या जागेवरून हलल्या नाहीत, पण साहेब जवळ आले की एकेक जण मान वर करून सरळ त्यांच्याकडे बघायची.

एकशे सातापर्यंत ते आले आणि तांबटाच्या सुनांपाशी चुकले. तिघी होत्या, दोन मोजल्या की तीन, आठवेना.

“काकू, अंदाजे एकशे दहा धरू?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “पहिल्यापासून.”

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, दाराशी परत गेले आणि बोट वर केलं. आम्हाला कसलीच घाई नव्हती.